रविवारची उपासना पहिल्यांदाच तुमच्याकडे आली तर

पाळकसाहेबांचा फोन बहुधा सोमवारी किंवा मंगळवारी येतो. "येत्या रविवारी मला पलीकडच्या गावाला प्रभुभोजन द्यायला जायचंय. तुमच्याकडची उपासना तुम्ही घ्याल का?" (प्रभुभोजन म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस देण्याचा विधी.) आपल्याकडे एका पाळकाकडे चार-चार, पाच-पाच गावच्या मंडळ्या असतात. ते ज्या गावात नसतात तिथे मंडळीतलाच कुणीतरी उभा राहतो: सेक्रेटरी, निवृत्त शिक्षक, महिला मंडळातली एखादी बाई, तरुण संघातला एखादा मुलगा. हे काही आजचे नाही. मिशनच्या काळात खेड्यातल्या शाळेचे मास्तर आठवडाभर मुलांना शिकवत आणि रविवारी त्याच खोलीत उपासना घेत.

मी पहिल्यांदा उपासना घेतली तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिक्षिका होते. फोन आल्यापासून सगळा आठवडा मी उपदेशात घातला. उपदेश बरा झाला, लोकांनी तसे सांगितलेही. पण बाहेर पडताना एका आजींनी माझा हात धरला. "बाई, प्रार्थनेत त्याचं नाव आलं नाही." त्यांचा मुलगा दहा दिवसांपासून तालुक्याच्या दवाखान्यात होता. मला ते ठाऊक होते, नावही ठाऊक होते. पण प्रार्थनेची तयारी मी केलीच नव्हती. वेळेवर सुचेल, असे धरून चालले होते, आणि वेळेवर मला माझ्याच उपदेशातली वाक्ये सुचत राहिली. ती दहा मिनिटे मी देवाशी बोललेच नव्हते. डोळे मिटून मंडळीलाच पुन्हा एकदा समजावून सांगत होते.

तेव्हापासून उपासनेचा कागद करताना प्रत्येक भागापुढे मी एक प्रश्न लिहिते: आत्ता कोण कोणाशी बोलतंय? देव लोकांशी, लोक देवाशी, की लोक एकमेकांशी? तयारीचे बहुतेक प्रश्न या एका प्रश्नाने सुटतात. पुढे जे लिहिले आहे ते मराठी प्रोटेस्टंट मंडळ्यांसाठी, त्यातही चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळ्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिले आहे.

फोन ठेवण्याआधी

"हो" म्हटल्यावर लगेच फोन ठेवू नका. वही जवळ घ्या आणि पुढच्या गोष्टी विचारून घ्या.

- हा रविवार उपासनावर्षातला कोणता? आगमनकाळ (नाताळच्या आधीचा), उपवासकाळ (पुनरुत्थानाच्या सणाआधीचा), पेंटेकॉस्ट (पवित्र आत्मा उतरला त्याचा सण), की साधा रविवार?
- शास्त्रपाठ ठरलेले आहेत की मी निवडायचे?
- आपल्याकडे छापील उपासनापद्धती आहे का? असल्यास कोणती, आणि त्यातले काय गाळायची सवय आहे?
- उपदेशही मीच करायचा, की कुणी दुसरे करणार आहे?
- पेटी-तबल्यावर कोण असेल? अर्पण कोण गोळा करील? पाठ कोण वाचतात?
- सध्या कोण आजारी आहे, कुणाकडे दुःख झाले आहे, कुणाकडे आनंद आहे?
- मी काय करायचे नाही?

हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच करू नका. प्रभुभोजन दीक्षित पाळकाशिवाय होत नाही, हे आपल्याला माहीत असते. पण पापांगीकारानंतर क्षमेची घोषणा आणि शेवटचा आशीर्वाद हेही अनेक मंडळ्यांत पाळकाकडेच राखलेले असतात. त्या जागी साध्या विश्वासणाऱ्याने काय म्हणायचे, हे ठरलेले असते. वेदीपाशी जायचे की खालच्या स्टँडवरूनच सगळे चालवायचे, चप्पल कुठे काढायची, असले बारीक रिवाजही गावागणिक बदलतात.

छापील पद्धतीबद्दल का विचारायचे, हे थोडे समजून घ्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झाले, ते सहा वेगवेगळे प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन. त्यामुळे पाटी एक असली तरी घरची वळणे निराळी राहिली. पुण्याच्या पंचहौदासारख्या अँग्लिकन वळणाच्या मंडळीत पुस्तकातली उपासना आणि तिची ठरलेली प्रतिवचने, म्हणजे मंडळीने मिळून द्यायची उत्तरे, जिभेवर असतात. अमेरिकन मराठी मिशनच्या, म्हणजे काँग्रिगेशनल वळणाच्या मंडळीत क्रम मोकळा असतो आणि उत्स्फूर्त प्रार्थनेला मान असतो. एका वळणात वाढलेला माणूस दुसऱ्या वळणाच्या गावी उपासना घ्यायला गेला, की अडखळतो. लोक वाट पाहतात ते प्रतिवचन त्याला माहीत नसते, किंवा तो ज्याची वाट पाहतो ते लोकांना.

सांगाडा आणि घड्याळ

क्रम साधारण असा असतो: उपासनेला आवाहन, पहिले गीत, पापांगीकार आणि क्षमेची वचने, स्तोत्र, जुन्या करारातला पाठ, पत्रांतला पाठ, शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला पाठ), उपदेश, विश्वासाचा अंगीकार (आपण काय मानतो ते सगळ्यांनी मिळून म्हणणे), मध्यस्थीची प्रार्थना (इतरांसाठी केलेली), प्रभूची प्रार्थना, अर्पण, सूचना, शेवटचे गीत, आशीर्वाद. मधल्या गीतांच्या जागा तुमच्या मंडळीच्या रिवाजाप्रमाणे.

आता प्रत्येकापुढे तो प्रश्न लावून पाहा. आवाहनात देव बोलावतो, म्हणून तिथे "आज थंडी फार आहे, तरी तुम्ही आलात" हे नको. शास्त्रातले वचन हवे. स्तोत्र ९५:६ किंवा स्तोत्र १०० यांतून घ्या. पापांगीकारात लोक देवाशी बोलतात. क्षमेच्या वचनांत देव लोकांशी बोलतो. पाठांत देव बोलतो आणि तुम्हीही ऐकणाऱ्यांतच असता. सूचना म्हणजे लोकांनी लोकांशी बोलणे. म्हणून सूचना प्रार्थनेच्या मधे घुसवू नयेत, आणि महिला मंडळाच्या सभेची वेळ आशीर्वादानंतर आठवली तर दाराशी सांगावी. आशीर्वाद मिळालेल्या लोकांना परत खाली बसवू नये.

सव्वा तासाच्या उपासनेसाठी माझा हिशोब असा: ४ गीतांना २० मिनिटे, ३ पाठ आणि स्तोत्र मिळून १०, उपदेश १५, सगळ्या प्रार्थना मिळून १२, अर्पण आणि सूचना १०. उरलेली ८ मिनिटे उठण्या-बसण्याला, पाने शोधण्याला आणि शांततेला. ही ८ मिनिटे धरली नाहीत, की उपदेश लांबतो, मग मध्यस्थीची प्रार्थना कापली जाते आणि आजारी माणसांची नावे राहून जातात.

तू, आम्ही, आपण

हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि याबद्दल पहिल्यांदा मला कुणी काही सांगितले नव्हते. मराठीत "आम्ही" आणि "आपण" हे दोन वेगळे शब्द आहेत. "आपण" म्हणताना ज्याच्याशी बोलतो तोही त्यात येतो, "आम्ही" म्हणताना येत नाही. म्हणून मंडळीशी बोलताना "आपण": "आपण उभे राहू या, आपण आपली पापे कबूल करू या." आणि देवाशी बोलताना "आम्ही": "हे प्रभू, आम्ही पाप केले आहे." देवाला उद्देशून "आपण पाप केले आहे" असे म्हटले तर पापात देवालाही ओढल्यासारखे होते. घाईत हे फार जणांकडून होते.

दुसरे, देवाला आपण "तू" म्हणतो. पाळकसाहेबांना "तुम्ही" म्हणणारी मराठी माणसे देवाला "तू" म्हणतात. अभंगाच्या परंपरेतून आणि आपल्या बायबलमधूनही ही जवळीक आली आहे. पण समोर मोठी माणसे बसली आहेत या दडपणाने सुरुवात "तू" ने होते आणि तिसऱ्या वाक्याला "आपण आम्हांला आशीर्वादित करावे" असे सरकारी अर्जासारखे वाक्य येते. कागदावर लिहिलेल्या प्रार्थनेत प्रत्येक क्रियापद तपासा. दे, ऐक, राहा, सांभाळ. सगळीकडे एकच "तू" हवा.

तिसरे, सार्वजनिक प्रार्थनेत "मी" टाळा. "मी प्रार्थना करते की" असे म्हटले की मंडळी प्रेक्षक होते. तुम्ही त्यांच्या वतीने बोलत आहात. "मी" ची जागा विश्वासाच्या अंगीकारात आहे. प्रेषितांच्या अंगीकारात सगळे मिळून, पण प्रत्येक जण आपापल्यापुरते "मी विश्वास ठेवतो", "मी विश्वास ठेवते" असे म्हणतो. तिथे सगळ्यांचे "ठेवतो-ठेवते" एकमेकांत मिसळते, ते मिसळू द्या. नाइसियाचा अंगीकार हा असाच दुसरा अंगीकार; त्याचा मूळ ग्रीक आरंभ मात्र अनेकवचनी आहे: "आम्ही विश्वास ठेवतो."

आणि शेवटी आशीर्वाद. पाळक हात उंचावून "तुम्हां सर्वांबरोबर असो" म्हणतात. तुम्ही दीक्षित नसाल तर अँग्लिकन वळणाच्या मंडळ्यांत २ करिंथ १३:१४ मधली कृपावचने "आपणां सर्वांबरोबर असो" अशी, हात न उंचावता म्हणतात. क्षमेच्या ठिकाणीही तसेच: "देव तुम्हांला क्षमा करो" च्या ऐवजी "देव आपल्याला क्षमा करो", किंवा सरळ १ योहान १:९ वाचा. गणना ६:२४–२६ मधला अहरोनाचा आशीर्वाद घ्यायचा असेल तर त्यातला "तुला" असाच बदलून घेतात. काही मंडळ्या याबाबत अजिबात आग्रही नसतात. म्हणूनच फोनवर विचारून घ्यायचे.

गीते: बुधवारपर्यंत पेटीवाल्याकडे

गीतांची यादी शनिवारी रात्री व्हॉट्सॲपवर टाकू नका. पेटी वाजवणाऱ्याला बुधवारपर्यंत गीतांचे क्रमांक कळले पाहिजेत, म्हणजे एखादी चाल येत नसेल तर बदलायला वेळ राहतो. शक्य असेल तर त्यांच्या घरी जा आणि चारही गीतांचे पहिले कडवे त्यांच्याबरोबर म्हणून पाहा. "उपासना संगीत" या आपल्या गीतपुस्तकात इंग्रजी चालींवरची गीते आहेत, तशीच भजने आणि पदेही आहेत. एकाच गीताला दोन चाली असतात आणि तुमच्या मनातली आणि त्यांच्या हातातली वेगळी निघते. हे मंडळीसमोर उघड होण्यापेक्षा बुधवारी उघड झालेले बरे.

पट्टीचेही तेव्हाच बोला. पेटीवाला स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी धरतो. काळी एकमध्ये जे गीत पुरुषांना सहज जाते, त्यात बायकांचा आवाज खाली जाऊन बसतो. आणि बहुतेक मंडळ्यांत गाणे बायकांनीच उचलून धरलेले असते. पुढच्या बाकावर गाणाऱ्या दोघी-तिघींना विचारा.

निवड करताना पहिले गीत सगळ्यांना पाठ असलेले घ्या. उशिरा येणारा माणूस दारातून गातच आत आला पाहिजे. नवे गीत घ्यायचेच असेल तर ते दुसरे किंवा तिसरे. उपदेशानंतरचे गीत पाठाच्या विषयाचे हवे, आणि शक्यतो शांत. इंग्रजी चालीचे गीत उभे राहून चांगले निघते, भजन बसून टाळीवर रंगते. नारायण वामन टिळकांनी ओवी-अभंग ख्रिस्ती उपासनेत आणले ते मराठी माणसाला आपल्याच गळ्याने गाता यावे म्हणून. चारपैकी एक तरी गीत त्या वळणाचे असावे, असा माझा आग्रह असतो.

कडवी गाळायची असतील तर गीत सुरू होण्यापूर्वी सांगा: "पहिले, दुसरे आणि शेवटचे कडवे." क्रमांक दोनदा सांगा आणि फळ्यावरही लावा.

शास्त्रवाचन

तुम्हीच वाचणार असाल तर पाठ सोमवारपासून रोज एकदा मोठ्याने वाचा. मनात वाचू नका. मनात आपण नबुखद्नेस्सर, मलकीसदेक, थेस्सलनीकाकर यांच्यावरून उडी मारून पुढे जातो. जीभ उडी मारत नाही, ती तिथेच थांबते. पेंटेकॉस्टला प्रेषितांची कृत्ये २ मधली पार्थी, मेदी, एलामी अशी लांबलचक यादी येते. त्या रविवारी वाचणाऱ्याला आठवडाभर आधी सांगितले पाहिजे.

कुठे थांबायचे यावर अर्थ फिरतो. आगमनकाळात यशया ४० वाचतात. तिसऱ्या वचनात मार्ग तयार करायचा आहे तो अरण्यात, म्हणजे "अरण्यात" हा शब्द मार्गाशी जोडलेला आहे. मार्क १:३ मध्ये तेच वचन येते तेव्हा "अरण्यात" हा शब्द घोषणा करणाऱ्या वाणीशी जोडला जातो, कारण योहान खरोखर अरण्यात उपदेश करत होता. दोन्ही पाठ एकाच दिवशी असतील तर दोन्हीकडे सारखाच दम घेऊन चालणार नाही. पेन्सिलने थांबण्याच्या जागा खुणेने मांडून ठेवा.

वाचण्यापूर्वी पुस्तक, अध्याय, वचने या क्रमाने सांगा, दोनदा सांगा आणि पानांची सळसळ थांबेपर्यंत थांबा. उपोद्घात एकाच वाक्याचा: "पौल तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला लिहीत आहे." शुभवर्तमानाला उभे राहण्याची रीत असेल तर आधी सांगा.

स्तोत्र आळीपाळीने वाचणार असाल तर सगळ्यांच्या हातात एकच भाषांतर आहे का, ते पाहा. जुनी छापील प्रत, नवी प्रत आणि मोबाईलवरचे सोपे भाषांतर एकत्र आले, की तिसऱ्या वचनाला गोंधळ होतो. अशा वेळी स्तोत्राच्या छायाप्रती काढून वाटणे सोपे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर केले ते फारसे न शिकलेल्या बायकांनाही समजावे म्हणून. स्टँडवर उभे राहून वाचताना मला त्यांची आठवण येते. शेवटच्या बाकावर आजही अशी कुणीतरी असते, जिच्यापर्यंत शास्त्र फक्त तुमच्या आवाजातून पोहोचणार असते.

उपदेश

उपदेशावर पुष्कळ लिहिले-बोलले जाते, म्हणून इथे थोडक्यात. तीन पाठांपैकी एकच धरा, आणि त्यातली एकच गोष्ट. पाठाच्या आधीचा आणि नंतरचा अध्याय वाचा. कोण बोलतो आहे, कुणाशी, कोणत्या प्रसंगी, हे आधी स्वतःला सांगता आले पाहिजे. पाळकसाहेबांकडून त्या पुस्तकावरचे एखादे भाष्य मागून घ्या. बुधवारपर्यंत मुद्दा एका वाक्यात लिहून झाला नसेल तर मुद्दा सापडलेला नाही, असे समजा. मोबाईलवर ऐकलेला दुसऱ्याचा उपदेश उचलू नका. तो तुमच्या आधी निम्म्या मंडळीने ऐकलेला असतो.

पहिल्यांदा पूर्ण लिहून काढणेच चांगले. शुक्रवारी घरातल्या कुणासमोर घड्याळ लावून वाचा आणि १५ मिनिटांच्या वर गेले तर कापा. जे आले नाहीत त्यांच्यावर, जे आले आहेत त्यांच्यासमोर रागावू नका. गावातल्या कुणाची गोष्ट, नाव न घेता का होईना, उदाहरण म्हणून सांगू नका. गावात नाव घ्यावे लागत नाही.

मध्यस्थीची प्रार्थना

मी उपदेशाइतकाच वेळ आता या प्रार्थनेला देते. गुरुवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी दोन-चार घरी जाऊन येते, किंवा फोन करते. कोण दवाखान्यात आहे, कुणाचे ऑपरेशन कधी आहे, कुणाचा मुलगा परीक्षेला बसला आहे, कुणाकडे बाळ झाले. नाव घ्यायचे असेल तर घरच्यांना विचारते. आजाराचे नाव कधीच घेत नाही. काही दुखणी घरच्यांनी कुणाला सांगितलेली नसतात, आणि ती प्रार्थनेच्या मिषाने चारचौघांत उघडी पडली तर त्या घरातले लोक महिनोन्‌महिने चर्चकडे फिरकत नाहीत.

क्रम बाहेरून आत: जग आणि देश, राज्य करणारे, पाऊस आणि शेती, जगभरची ख्रिस्ती मंडळी आणि आपले पाळक, गाव आणि शेजारी, आजारी, दुःखी, मग उपकारस्तुती. प्रत्येक भागाला तीन-चार वाक्ये आणि शेवटी एकच ठरलेले प्रतिवचन. नमुना म्हणून:

"हे दयाळू पित्या, आमच्यातल्या आजाऱ्यांना आम्ही तुझ्यापुढे आणतो. (इथे नावे, एकेक, सावकाश.) दुखण्यात तू त्यांच्याजवळ राहा. रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसणाऱ्यांना बळ दे. डॉक्टर आणि नर्स यांच्या हातांना यश दे. हे प्रभू,"

मंडळी: "आमची प्रार्थना ऐक."

प्रतिवचन प्रार्थनेपूर्वी एकदा मंडळीकडून म्हणवून घ्या. नावांनंतर थोडे थांबा. सावकाश पाचपर्यंत मोजा. या शांततेत लोक आपापल्या मनातली, यादीत नसलेली नावे देवापुढे ठेवतात. समोर उभे असलेल्याला पाच सेकंद फार मोठी वाटतात, बसलेल्यांना नाही.

शेतीबद्दल बोलताना गावाकडे बघून बोला. नगरकडे जूनमध्ये पावसासाठी आणि कांदा काढणीच्या दिवसांत पाऊस थांबावा म्हणून प्रार्थना होते. सोलापूर, कोकण, मुंबई इथे वेगळी काळजी असते. पुस्तकातली तयार प्रार्थना घ्यायला काहीच हरकत नाही, पण त्यात आपल्या गावाचे एक तरी वाक्य घाला.

फाईल

सगळे एका फाईलमध्ये, क्रमाने, कागदाच्या एकाच बाजूला, मोठ्या अक्षरांत. वाक्य पानाच्या शेवटी तुटणार नाही, असे पाहा. लोकांनी म्हणायचे शब्द ठळक करा. "उभे राहणे", "बसणे" हे समासात लाल पेनने लिहा. प्रभूची प्रार्थना आणि विश्वासाचा अंगीकार हेही पूर्ण लिहून ठेवा. लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना समोर उभे राहिल्यावर तिसऱ्या ओळीला कशी निसटते, ते अनुभवाशिवाय पटत नाही. वर पंखा असतो, म्हणून कागद क्लिपने बांधा. मोबाईलवरून वाचू नका. तो अंधारतो, आणि मधेच कुणाचा तरी फोन येतो.

शनिवार संध्याकाळ, चर्चमध्ये

किल्ली कुणाकडे आहे, ते आधी पाहा. स्टँडवर उभे राहून पहिला पाठ आणि एक प्रार्थना पूर्ण वाचा आणि कुणाला तरी शेवटच्या बाकावर बसवा. माईक तोंडापासून एक वीत अंतरावर, थोडा तिरका, म्हणजे "प" आणि "फ" चे फटके बसत नाहीत. वीज गेली तर माईक इन्व्हर्टरवर चालतो का? नसेल तर एकदा माईकशिवायही वाचून पाहा. वेदीवरचे वस्त्र त्या काळाच्या रंगाचे आहे का: आगमनकाळ आणि उपवासकाळात जांभळे, नाताळ आणि पुनरुत्थानाच्या काळात पांढरे, पेंटेकॉस्टला लाल, एरवी हिरवे. मेणबत्त्या, काड्यापेटी, अर्पणाच्या थैल्या, पाण्याचा तांब्या. पाठ वाचणाऱ्यांना पुन्हा एकदा फोन.

रविवार

काहीतरी खाऊन निघा आणि उपासनेच्या पाऊण तास आधी पोहोचा. येणाऱ्यांना दाराशी भेटा. या वेळात प्रार्थनेच्या यादीत भर पडते. पेटी-तबलावाले, पाठ वाचणारे आणि अर्पण घेणारे यांच्यासह पाच मिनिटे बाजूच्या खोलीत प्रार्थना करा.

सुरुवातीला समोर जाऊन उभे राहिलात, की लगेच बोलू नका. लोक शांत होईपर्यंत थांबा. सूचना छोट्या आणि आदराच्या: "उभे राहू या", "बसून घ्यावे". दोन भागांच्या मधे समजावत बसू नका. "आता यानंतर आपण जे गीत घेणार आहोत ते फार अर्थपूर्ण आहे" यापेक्षा नुसता क्रमांक सांगा. चुकलात तर माफी मागत बसू नका. एखादे गीत राहिले तर राहू द्या. पाठ राहिला तर मात्र "आपण पत्रातला पाठ ऐकू या" असे सरळ म्हणून तो वाचा. लहान मूल रडले तर त्याच्या आईकडे पाहू नका, वाचत राहा.

एक प्रसंग सांगते. मी चौथ्यांदा उपासना घेणार होते. उपासनेला पंधरा मिनिटे असताना निरोप आला, की मंडळीतले एक वडील पहाटे प्रभूमध्ये निजले. पहिले गीत तबल्याच्या ठेक्यातले, आनंदाचे होते. निम्म्या लोकांना बातमी कळली होती, निम्म्यांना नाही. मी पाळकसाहेबांना फोन केला. त्यांनी सांगितले ते मी तसेच केले. आवाहनाच्या आधी, अगदी साध्या शब्दांत बातमी सांगितली, कारण ते लोकांनी लोकांना सांगायचे होते. सगळे उभे राहून शांत राहिलो. मग आवाहनाला स्तोत्र १३० वाचले आणि पहिले गीत बदलले. बाकी काही बदलले नाही. उपदेश ठरलेलाच केला. मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांच्या घरातल्या प्रत्येकाचे नाव घेतले. अशा दिवशी सगळी उपासना मोडून नवी मांडायचा मोह होतो. मोडू नका. दुःखातल्या माणसांना ओळखीच्या क्रमाचा आधार लागतो.

संपल्यावर

अर्पण दोघांनी मिळून मोजावे, तुम्ही एकट्याने नाही. रक्कम लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. चर्चच्या उपासनेच्या वहीत तारीख, पाठ, उपदेशाचे वचन, उपस्थिती आणि अर्पण लिहून उपासना घेणाऱ्याच्या रकान्यात आपली सही करा. दोन माणसांना, एका मोठ्या वयाच्या आणि एका तरुण, घरी जाऊन विचारा की कुठे ऐकू आले नाही आणि कुठे कळले नाही. "छान झाली" यावर थांबू नका, नेमके विचारा.

प्रार्थनेची यादी मात्र फाडून टाकू नका. सोमवारी पाळकसाहेबांना फोन करून ती वाचून दाखवा, म्हणजे भेटी द्यायला कुठल्या घरापासून सुरुवात करायची ते त्यांना कळेल. मी त्या पहिल्या रविवारी दुपारी दवाखान्यात गेले होते. आजी बाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसल्या होत्या. आम्ही आत जाऊन त्याच्या कॉटजवळ उभ्या राहिलो आणि जे सकाळी राहिले होते ते त्याचे नाव घेऊन केले.